दीड हजार वर्षांची आठवण

"ताम्रपट म्हणजे पोसलेल्या भाटांची खुशामत. खरा इतिहास लोकांच्या आठवणीत असतो," प्राध्यापक मोहरील मला म्हणाले. वाकाटक राजाचा तळ अल्लीपुरात पडला होता या त्यांच्या दाव्याला ताम्रपटांत काहीच आधार नाही, असा लेख मी भीतभीत लिहिला होता.

"कृष्णकांतजी, पुस्तकांतून जरा बाहेर या," म्हणत त्यांनी मला गावातल्या आनंदाबाईंकडे नेलं. आनंदाबाईंनी राजाचे हत्ती, तंबू, सगळं घडाघडा सांगितलं. मोहरीलांनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि कीव केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. लेख मागे घ्यायचं मी मनाशी ठरवलं.

चहाचा कप पुढे करत आनंदाबाईंनी त्यांना हळूच विचारलं,

"बराबर सांगतलं ना सर? मांगच्या साली तुमी सांगून गेलते, तसंच?"