पहिली करंडी

"परत 'इतर बिघाड'च काय गो?" दादूनं विचारलं.

"हो मामा." उमानं कॉम्प्युटरवरनं मान काही वळवली नाही.

दादूला हे बरं वाटेना. आंबारसाच्या कारखान्यात बॉयलरवर त्याचा जन्म गेलेला. ऐन हंगामात रस करपून फेकावा लागत होता, आणि मालक भास्करशेटनी सांगून टाकलेलं, ज्याच्या हातनं होतंय तो घरी जाईल. बॉयलरवर माणसं दोनच. दादू आणि बाबल्या.

दोघांनी आळीपाळीनं बॉयलरच्या काट्यावरचा आकडा बघून ओरडायचा, उमानं तो नावासकट कॉम्प्युटरला द्यायचा. कॉम्प्युटरची स्वतःची वायरही बॉयलरला लावलेली. रस करपला की कारण पडद्यावर: दोन आकडे जुळले नाहीत तर ओरडणाऱ्याचं नाव येणार. पंप अडकला तर पंपाचं. यातलं काहीच नसलं तरच 'इतर बिघाड'. या मंडळींना वाचता यावं म्हणून शेटनी मशीन मुद्दाम मराठी अक्षरांचं आणलेलं.

पण परवा पंप अडकला, सगळ्यांदेखत अडकला, तरी 'इतर बिघाड'! असं कसं?

बाबल्या केळशीचा, उमाही केळशीची. त्यात दादूनं लाकडाच्या थप्पीमागनं बाबल्याचा आवाज ऐकला. "किती दिवस झाकशील गो?" दादूची चाहूल लागली तशी बाबल्या नि उमा दोन बाजूंना पांगली.

दादू तडक उमासमोर गेला. "बाय, खरं सांग. कोणाला झाकतेस?"

"राहू दे ना मामा. हंगाम संपू दे, मग बघू."

"मग कशाला? आत्ताच बघू!" दादूनं थेट शेटना बोलावून आणलं. मागनं बाबल्याही आला.

उमाला सांगावंच लागलं. "शेट, मशीन वरनं खाली एकेक प्रश्न विचारत येतं. पहिलं 'हो' मिळालं की तिथंच थांबतं. 'इतर बिघाड'चा प्रश्न, 'काहीही बिघडलंय का', तोच सगळ्यात वर आहे."

दादूनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे आंबे निवडायला बसलो, आणि 'कसलाही आंबा' ही करंडी पहिली मांडली! डागी काय नि कच्चा काय, सगळा माल तिच्यातच. बाकीच्या करंड्या बसल्या आ वासून!"

"तसंच."

"चुकून झालं?" शेटनी विचारलं.

"नाही. मुद्दाम."

"घ्या!" दादू म्हणाला. "आता नीट मांड बाय. नेमकं ते आधी, उरलंसुरलं शेवटी. आणि मागचे सगळे बिघाडही परत काढून दाखव."

"मामा, हात जोडते तुम्हाला..."

"हात जोडतेस ते गाववाल्यासाठी काय गो?"

"दादू, गप रे मेल्या," बाबल्या दारातनं म्हणाला.

"आता कसा गप? मला घरी बसवून हा ऐटीत बॉयलर चालवणार!"

"उमा, कर," शेट म्हणाले.

तिनं वरची ओळ काढून खाली टाकली, आणि मागचे आकडे पुन्हा मशीनला दिले. पडद्यावर बोटाएवढी अक्षरं उमटली. 'आकडा चुकीचा वाचला: दादू'. खाली परत तेच. मधे एकदा पंप. त्याच्याखाली परत तेच.

शेट मटकन खुर्चीत बसले. बाबल्यानं तोंड फिरवलं.

दादूनं डोळे बारीक करून पडद्याच्या काचेला पार नाक लावलं आणि तोंडभर हसला. "आलं ना बाबल्याचं नाव? मोठ्यानं वाचा की, शेट!"