तेलघाणा

"मूठमूठच टाका गं पोरींनो," घाणा चालवणाऱ्या धोंडूकाकांनी बजावलं. वारसा उद्यानात शाळेच्या सहलीला आलेल्या मुली तेलघाण्यात शेंगदाणे टाकत होत्या. अचानक केतकीची ओढणी फिरत्या दांड्यात अडकली. गळ्याभोवती फास आवळू लागला. मुली किंचाळल्या, तसा डोळे बांधलेला बैल आणखीच बिथरला. काकांनी कासरा ओढला, पण तो थांबेना.

ऋजुता पुढे धावली. तिने बैलाच्या डोळ्यांवरचं फडकं ओरबाडून काढलं. समोर माणूस दिसताच बैल जागीच थबकला.

"कुणी ओरडू नका," ती दबक्या आवाजात म्हणाली.

काकांनी विळ्याने ओढणी कापली. केतकीला जोराचा खोकला आला. बाईंनी तिला छातीशी धरलं.

"काका," ऋजुता ओठ चावत म्हणाली, "आता बैल मागे घ्या. त्याचा खूर माझ्या पायावर आहे."