वरचा थर

लग्न मोडलं. ते आपण बाजूला ठेवू, आणि तसं काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ. दुकानातही सगळे तसंच वागत होते.

"केक नको," काउंटरपलीकडची बाई म्हणाली.

"हे केकचं दुकान आहे," केकवाला म्हणाला.

"पाटी वाचली मी. माझं लग्न आहे. माणसं जमणार, मधोमध कापायला काहीतरी लागणार. केक सोडून काहीही सांगा."

केकवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानावर ठेवली. कोपऱ्यात त्याची आत्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना घड्या घालत बसली होती. एरवी गिऱ्हाईक आलं की ती त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. आज तिने मानसुद्धा वर केली नाही.

"डोनटची रास रचू?" केकवाल्याने विचारलं.

"उरले तर?"

"उरू देत की. फ्रीजरमध्ये झकास राहतात."

"मग नकोत."

"चीजचा मनोरा? मोठ्या गोल चकत्या, एकावर एक. लांबून अगदी केकच वाटतो."

"टिकतं का?"

"चीज नुसतं टिकत नाही, मुरतं."

"नवरे आंबतात, चीज मुरतं," आत्या खोक्याला म्हणाली.

"नको," बाई म्हणाली.

"जेली आहे. पण ती लटलटते. पाहुण्यांना वाटेल, नवरीच्या वतीने तीच घाबरली आहे."

"टिकते?"

"टिकते," केकवाला पडेल आवाजात म्हणाला. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मालाबद्दल त्याला खोटं बोलता येत नसे, आणि बाकी कशाबद्दल तो बोलतच नसे. "तुम्हाला नक्की हवंय तरी कसं?"

"त्या दिवशी संपलंच पाहिजे असं. मागे काही उरता कामा नये. माझी ही एकच अट आहे. जमलं नाही तर लग्न नाही. नवरदेवालाही सांगून ठेवलंय."

"काय म्हणाला नवरदेव?" आत्याने हेही खोक्यालाच विचारलं.

"हो म्हणाला. लगेच. तीच तर भीती आहे."

आता दुकानाची एक पद्धत सांगायला हवी. इथल्या लग्नाच्या केकचा वरचा थर कापायचा नसे. केकवाला तो डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा, आणि वर्ष झालं की नवरा-बायको येऊन खायचे. बहुतेक जण हसत यायचे. काही जण भांडत यायचे, पण यायचे. एकच डबा कुणी नेला नव्हता, तो केकवाल्याचा स्वतःचा. वर्ष भरायच्या आत त्याची बायको घर सोडून गेली आणि डबा राहिला. वीज गेली की केकवाला घरातलं एकुलतं एक ब्लँकेट फ्रीजरवर घालायचा आणि स्वतः कुडकुडत बसायचा. अधूनमधून तो डबा बाहेर काढायचा. उघडायचा नाही. वरचा बर्फ बाहीने पुसायचा आणि परत ठेवायचा.

बाईची नजर फ्रीजरकडे गेली. "सगळे नेतात का आपापले डबे?"

"नेतात. एक आहे पडून."

"टाकून का देत नाही?"

"त्याची अशी काही अडचण होत नाही."

"माझ्या मटारला विचार," आत्या म्हणाली.

"संत्र्याचा केक इतकी वर्षं टिकत नाही," बाई म्हणाली.

"टिकतो. नीट ठेवला तर."

"ठेवायचा, ठेवायचा. खायचा कधी?"

आत्याच्या हातातली घडी अर्धवटच राहिली.

केकवाल्याने काचेतून बाहेर बघितलं. समोर फळवाला गिऱ्हाइकासाठी कलिंगड थोपटून बघत होता.

"कलिंगड," केकवाला म्हणाला. "साल काढून तीन थर करायचे. खाली मोठा, वर छोटा. बाजूने बेरी लावू."

"गोठवलं तर?"

"चिखल होतो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पाणी सुटतं. वास येतो." जवळच्या नातेवाइकाच्या तब्येतीबद्दल सांगावं तसं त्याने सांगितलं.

"मग कलिंगडच," बाई म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

ती गेल्यावर केकवाला फ्रीजर उघडून उभा राहिला. इतका वेळ, की आत्या ओरडली, "अरे, सगळं वितळेल!"

"वितळू दे," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आत्याच्या मटारला जागा मिळाली.

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात माणसं ताटकळली होती. बाई टेबलापाशी उभी होती. तिच्या शेजारची जागा रिकामीच होती. केकवाला आत आला तो घामाघूम, एप्रनमध्ये, दोन्ही हातांत कलिंगड सावरत. मागे आत्या होती.

"नवरदेव कुठे आहेत?" अधिकाऱ्यांनी घड्याळ बघत विचारलं.

"येईल. त्याला नेहमी उशीर होतो," बाई म्हणाली.

केकवाल्याने कलिंगड टेबलावर ठेवलं. वरचा थर जरा घसरला होता, तो बोटाने सरळ केला. एक पाऊल मागे जाऊन बघितलं. परत पुढे येऊन पुन्हा सरळ केला.

बाईने तो थर उचलला आणि सगळ्यांदेखत त्याचा मोठा लचका तोडला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"सूनबाई," आत्या म्हणाली, आणि या वेळी खोक्याला नाही, "हा तुमच्या मागच्या लग्नालाही असाच उशिरा आला होता."

केकवाल्याने एप्रन सोडून आत्याच्या हातात दिला आणि बाईच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"कुणाची काही हरकत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हरकत नाही, साहेब, विनंती आहे," केकवाला तिच्या हातातल्या उरलेल्या थराकडे बघत म्हणाला. "सदर कलिंगडाचा वरचा थर आम्हा उभयतांच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आहे त्या स्थितीत जतन करण्याची परवानगी मिळावी."