खाडीसमोरचा सराव

“शेवटच्या वाक्याला आवाज खाली जातो तुझा,” डॉ. खोबरेकर सर म्हणाले. “उद्या ती स्वतः ऐकत असेल.”

ती म्हणजे कोळवणची खाडी. तळातल्या संवेदकांमधून खाड्या बोलायला लागल्यापासून नियमच झाला होता, की ज्या पाण्यावर पीएचडी करायची, त्या पाण्यालाच सेमिनारमध्ये निष्कर्ष सांगायचा. शलाका तांडेल याच खाडीत पोहायला शिकली होती. अंधार पडला की काठावरून आई हाक मारायची, “शलू, पुरे आता.”

“सर, खाडीचा स्पीकर बंद आहे ना? तिला आत्ता ऐकू जायला नको.”

“सरावाला बंदच असतो. कर सुरू.”

शलाकाने शेवटची स्लाइड लावली. “तळाचा प्राणवायू संपत आलाय. ही खाडी पुढचा उन्हाळा काढणार नाही.”

“फार घाईत बोललीस. परत सांग.”

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलावरचा स्पीकर खरखरला. सरांचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. बटण चालूच होतं.

“सर बरोबर बोलतायत,” खाडी म्हणाली. “सावकाश सांग, शलू. सरावच आहे ना?”