करवती चोच

"तुमच्या पेटीत पक्षीबिक्षी काही नाही, इम्पी," तैस्तो म्हणाला. "कालपासून माझी माणसं बघताहेत. आत काही गेलं नाही, बाहेर काही आलं नाही."

"अंडी उबवणारी आई तुझ्या माणसांना टाटा करायला बाहेर येत नसते."

म्हातारी इम्पी पाइनच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती. वर तिच्या नवऱ्याने पक्ष्यांच्या घरट्यासाठी ठोकलेली लाकडी पेटी, मागे नदीचा खळाळ. धरणासाठी आधी काठावरची झाडं पाडायची होती. तैस्तोच्या कंपनीच्या वृक्षतोडीच्या परवान्याची मुदत आज संपत होती, आणि अंड्यांवर पक्षी बसलेला असेल तर तिथे करवत चालवायला कायद्याने बंदी होती.

"एका बदकासाठी एवढं?"

"बदक नाही, कोस्केलो. कोस्की म्हणजे खळाळ. ही खळाळातली, बुडी मारून मासे धरणारी. खळाळच बुडवलास तर तिला काय म्हणशील?"

तैस्तोने कंपनीच्या पक्षीतज्ज्ञ मुलीला खूण केली. वेन्लाने फांद्या छाटायची छोटी करवत कमरेला अडकवली. शिडीपाशी ती पाण्याकडे बघत राहिली.

"आमच्या गावाला असाच आवाज होता."

"होता?" इम्पीने विचारलं.

"आता धरण आहे."

"वेन्ला, गप्पा नंतर मार!" तैस्तो ओरडला.

ती चढली. आड येणाऱ्या दोन डहाळ्या कापल्या, पेटीचं झाकण उचललं. वरून फिस्स असा आवाज आला, आणि लगेच किंकाळी.

ती उतरली तेव्हा बोटावर बारीक जखमांची सरळ रांग होती. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं.

"बदक असं चावतं?" तैस्तोने विचारलं.

"कोस्केलो चावते. तिची चोच दातेरी असते. अंडी आहेत, उबदार आहेत. मी तसंच लिहून देणार."

"नीट पाहिलंस?"

"तू चढ की. तुला दहा बोटं आहेत."

तैस्तोने शिडीकडे पाहिलं, रक्ताकडे पाहिलं, आणि शिव्या देत गाडीकडे गेला.

"पट्टी बांधते, कॉफी पिऊन जा," इम्पी म्हणाली.

"नको. पेटीचं झाकण नीट लागलं नाही, तेवढं बघा."

गाडी वळणाआड गेल्यावर इम्पी शिडी चढली. पक्ष्याला भुलवायला तिने मार्चमध्ये ठेवलेली लाकडी अंडी तशीच थंडगार पडली होती. त्यांच्यावर आडवी, छोटी करवत होती. दात अजून ओले, लाल.