चंद्राचे तुकडे

दिवेलागणीला निनादने सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावली. मुलांची रांग लागली. सगळ्यात मागे त्याची बायको, शाल्मली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदाच गच्चीवर आली होती.

"काका, शनीला ही कडी कुठून आली?" दुर्बिणीवरचा डोळा न काढता शेजारच्या ईराने विचारलं.

"एक चंद्र होता म्हणतात, बर्फाचा. शनीच्या फार जवळ आला आणि त्याच्या ओढीने फुटला. त्याचेच हे तुकडे."

"मग शनीने ते फेकून का नाही दिले?"

गुरुत्वाकर्षण सांगायला निनादने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून शाल्मली म्हणाली, "त्याचाच होता ना गं तो. कसा फेकेल?"

झबली, टोपडी, तिने विणलेली कुंची, सगळं निनादने सकाळीच बोचक्यात बांधून गाडीच्या डिकीत टाकलं होतं. असलं काही घरात ठेवू नये, असं आई म्हणाली होती. उद्या ते अनाथाश्रमात जाणार होतं. तो बांधत असताना शाल्मली नुसती बघत उभी होती. त्याने तिला विचारलंही नव्हतं.

मुलं पांगली. शाल्मलीने बराच वेळ शनी पाहिला. ती वळली तेव्हा निनादने गाडीची चावी तिच्या हातावर ठेवली.

"चल," तो म्हणाला, "बोचकं घरी आणू."