चौदाशे दोनच्या दाराची पट्टी

"ही पट्टी लावायला कोणी सांगितलं?" सुमतीबाईंनी विचारलं.

सुतार त्यांच्याच दाराशी गुडघे टेकून बसला होता. शेजारी प्लास्टिकच्या लांब पट्ट्यांचा गठ्ठा.

"सोसायटीने, मावशी. चौदाशे दोन. खाली रबराची जीभ असलेली पट्टी, बाकी तिन्ही बाजूंनी फटी बुजवणारं गॅस्केट. वास बाहेर जायला नको म्हणून."

"कसला वास?"

सुतार मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला.

मजल्यावर चार दारं होती. बाकीच्या तिन्हींना काही नव्हतं. स्वयंपाकघरात बोंबलाचं भुजणं मंद आचेवर होतं. कसला वास ते सुमतीबाईंना सांगायची गरज नव्हती.

सुमतीबाईंचं त्रिलोकेकर घराणं गिरगावात चार पिढ्यांचं. जुनी इमारत पाडून हा बावीस मजली टॉवर झाला, तेव्हा आधी त्यांची खोली गेली आणि मग हा फ्लॅट आला. जुन्या घरी घोळ माशाचं आटलं शिजलं की खालचे लोक वर बघून विचारायचे, "आज काय बेत?" आता त्याच जागेवर, त्यांच्याच दाराला सील.

त्या तशाच खाली उतरल्या. सेक्रेटरी अण्णा राऊत जुन्या इमारतीतले, समोरच्याच खोलीतले. ऑफिसात वर्तमानपत्र वाचत होते.

"अण्णा, तक्रार कोणी केली?"

"तक्रार कशाला म्हणायचं, वहिनी? पट्टीच आहे. धूळ येत नाही, झुरळं येत नाहीत. एसीचा गारवा टिकतो."

"मग तुमच्या दाराला का नाही?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"लॉबीच्या पायरीची पट्टी तीन महिने उखडलेली होती," सुमतीबाई म्हणाल्या. "तीही प्लास्टिकचीच होती ना? तिच्यात पाय अडकून ह्यांचा हात मोडला. तेव्हा तुम्हाला सुतार मिळत नव्हता. आणि माझं दार बंद करायला लगेच मिळाला."

"पायरीसाठी कोणी लेखी अर्ज दिला नव्हता, वहिनी."

"म्हणजे माझ्यासाठी दिलाय."

अण्णांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

अर्ज कोणाचा, याचा सुमतीबाईंना संशय नव्हता. समोरच्या चौदाशे एकमध्ये प्रितीबेन राहायला आल्या त्याला सहा महिने झाले होते. त्या कांदालसूणसुद्धा खात नसत. संध्याकाळी लिफ्टमध्ये त्या भेटल्या, तेव्हा आणखी तिघे होते.

"तोंडावर सांगितलं असतंत तर बरं झालं असतं," सुमतीबाई म्हणाल्या. "मागून अर्ज करायची आमच्यात पद्धत नाही."

प्रितीबेनचा चेहरा उतरला. "मावशी, मला काही समजलं नाही."

"समजेल."

घरी अच्युतराव प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. "जाऊ दे," म्हणाले. "शिजवायचं कोणी बंद केलंय का?"

"बंद करायची वेळ यायच्या आधी बोलायला नको?"

मुलगा अर्णव ऑफिसातून आला होता. बुटांची नाडी सोडता सोडता तो म्हणाला, "आई, तू नको भांडत फिरूस. काय म्हणायचंय ते सांग, मी नीट टाइप करून देतो सोसायटीला."

सुमतीबाईंनी सांगितलं, त्याने टाइप केलं. आम्ही इथले मूळ रहिवासी. आमच्या ताटात काय असावं हे सोसायटीने ठरवू नये. पट्टी काढावी आणि तक्रारदाराचं नाव कळवावं. सून क्षितिजा दारात उभी राहून ऐकत होती. ती मधेच आत निघून गेली. सुमतीबाईंना वाटलं, पोरगी भांडणाला घाबरते. अर्णवने मात्र एक शब्द गाळला नाही. त्यांना लेकाचं कौतुक वाटलं.

दहा दिवस उत्तर आलं नाही. दार लावताना रबर फरशीला घासून आवाज करायचं आणि प्रत्येक वेळी सुमतीबाईंच्या मस्तकात तिडीक जायची. त्यांनी चिडून रोज मासे आणले. बांगडे, कोळंबी, सुरमई, जे मिळेल ते.

रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर सुमतीबाई उभ्या राहिल्या.

"माझ्या अर्जाचं काय झालं?"

अण्णांनी फाइल चाळली. "या विषयावर माझ्याकडे एकच अर्ज आहे, वहिनी. तो तुमचा नाही."

"म्हणजे माझा केराच्या टोपलीत गेला. आणि ज्यांनी माझ्या घराला झाकण लावलं, त्यांचा जपून ठेवलात. वाचा तो. सगळ्यांसमोर वाचा."

"आई, घरी चल," अर्णव हळूच म्हणाला. त्याने त्यांचा हात धरला.

"का? मी चोरी केलीय? कोणी नाक मुरडलं ते कळू दे सगळ्यांना."

मागच्या रांगेतून प्रितीबेन उठल्या. "मी अर्ज केलेला नाही. मला वासाचा काही त्रास नाही. पण दहा दिवस लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघतात. अण्णा, वाचा तुम्ही."

"वाचा, वाचा," आणखी दोघे म्हणाले.

अण्णांनी एकदा अर्णवकडे पाहिलं. मग कागद डोळ्यांजवळ धरला.

"माननीय सेक्रेटरी. चौदाशे दोनमधून माशांचा वास लॉबीत येतो. आतापर्यंत कोणी तक्रार केलेली नाही, पण माझ्या ऑफिसचे लोक घरी येतात तेव्हा मला लाज वाटते. तरी दाराला सील पट्टी बसवून घ्यावी," अण्णा थांबले, आणि शेवटची ओळ त्यांनी फार हळू वाचली. "आणि ती सोसायटीनेच बसवली, असं माझ्या आईला सांगावं, ही विनंती."